बिन महमूदचे अथेन्सकर

ते आंघोळ करत नसत असं नाही, पण आंघोळीच्या आधी स्वतःला खरवडून काढत. अंगभर ऑलिव्ह तेल चोपडायचं, बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि मग स्टीलच्या पट्टीनं ते तेल, दिवसभराची धूळ, घाम सगळं वरून खाली ओढून काढायचं. कुणी कसं स्वच्छ व्हावं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, पण पट्टी माझी होती. मी ड्राफ्ट्समन. नाशिकला आयटीआयमध्ये शिकत असल्यापासून जपलेली ती बारा इंची पट्टी आठ दिवस सापडत नव्हती. नवव्या दिवशी ती साबणदाणीजवळ तेलात न्हालेली सापडली.

"काका, ही इथे कशी?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"अरे, ग्रीक लोक असंच करत. त्यांच्याकडे साबण कुठे होता? तालमीतून आले की तेल लावायचं आणि वाकड्या पट्टीनं खरवडायचं. मला वाकडी मिळाली नाही, म्हणून तुझी सरळ घेतली." मग अगदी मनापासून म्हणाले, "पाठीला नाही पोचत मात्र. त्यांची वाकडी का असायची ते आत्ता कळलं बघ."

हा त्यांचा स्वभाव. दुसरा माणूस पुस्तकात वाचतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. यांना ते करून बघितल्याशिवाय झोप येत नसे. आणि करून बघायला वस्तू लागते, ती बहुतेक वेळा आमच्यापैकी कुणाची तरी असे.

कतारमध्ये, दोह्यातल्या बिन महमूद या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा मराठी माणसं राहत होतो. सगळ्यांचे संसार गावाकडे. काका सगळ्यांत वयस्कर, गुहागरकडचे, एका वर्कशॉपमध्ये पंप फिटर. त्याआधी बरीच वर्षं एका ग्रीक मालकाच्या जहाजावर होते. त्या जहाजावरच्या म्हाताऱ्या ग्रीक आचाऱ्यानं निवृत्त होताना त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली वीसेक पानंही नव्हती, पण चित्रं भरपूर होती. बाकीचे खलाशी बंदरावर उतरून अत्तरं आणि घड्याळं घेत, तेव्हा काका डिक्शनरी घेऊन त्या पुस्तकाशी झटापट करत बसत. गंमत म्हणजे अथेन्स त्यांनी पाहिलंच नव्हतं. जहाज तीन वेळा तिथल्या बंदराला लागलं आणि तिन्ही वेळा पंप बिघडला, म्हणून काका खाली इंजिनरूममध्ये. एकदा डेकवरून लांबचा तो देवळाचा डोंगर दिसला, असं ते सांगत. कधी खात्रीनं सांगत, कधी जरा कमी खात्रीनं.

माझ्या आधीच कुणीतरी त्यांना 'अथेन्सकर' म्हणायला सुरुवात केली होती. तोंडावर काका, पाठीमागे अथेन्सकर, आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये 'अथेन्सकर काका'. त्यांचं खरं नाव मला माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात विचारायचं राहून गेलं. सहा महिन्यांनी विचारायची लाज वाटायला लागली. माणसाच्या हातचं रोज जेवायचं आणि मग म्हणायचं, तुमचं नाव काय हो? म्हणून मग विचारलंच नाही.

त्यांनी मात्र मला विचारलं होतं. पण केव्हा, ते ऐका.

मी दोह्यात उतरलो तेव्हा कंपनीचा माणूस विमानतळावर आलाच नाही. हातात सिमकार्ड नाही, खिशात एका ओळखीच्याच्या ओळखीचा पत्ता. टॅक्सी करून बिन महमूदला पोचलो तर तो ओळखीचा माणूस दोन महिन्यांपूर्वीच फ्लॅट सोडून गेलेला. दार उघडलं ते लुंगीतल्या, गालाला दाढीचा फेस लावलेल्या एका उंच माणसानं. मी घाईघाईनं माझी कर्मकहाणी सुरू केली, तर त्यांनी तळहात वर केला.

"काही सांगू नकोस. आधी आत ये."

त्यांनी बादलीभर पाणी आणून माझ्या पायाशी ठेवलं. मी पाय धुतले. मग ताटात भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. दर दोन घासांना मी तोंड उघडायचो आणि ते म्हणायचे, "जेव." तिसऱ्यांदा भात घेऊन मी हात धुतल्यावर ते समोर मांडी ठोकून बसले. डोळ्यांत नुसतं कुतूहल.

"हां. आता सांग. नाव काय, गाव कुठलं, आणि आलास कसा?"

पुढे कळलं की हाही ग्रीकांचाच रिवाज. दारी आलेल्याला आधी पाणी, मग जेवण, आणि नाव-गाव सगळ्यात शेवटी. आधी नाव विचारलं की माणूस नाव बघून वाढतो, असं काकांचं म्हणणं. मी त्या फ्लॅटमध्ये एका रात्रीपुरता आलो आणि चार वर्षं राहिलो.

फ्लॅटचा कारभारही अथेन्सच्या चालीवर चाले. कामं चण्यांवर ठरत. स्टीलच्या डब्यात पाच पांढरे चणे आणि एक काळा. शुक्रवारी सकाळी प्रत्येकानं डोळे मिटून एक काढायचा. काळा आला तो आठवडाभर संडास-बाथरूमचा अधिकारी. त्याला ते खरंच 'अधिकारी' म्हणत आणि आठवडा संपला की त्याच्याकडून कामाचा जाब घेत.

सतीशला हे अजिबात पटत नसे. सतीश कोल्हापूरचा, एसी टेक्निशियन, आणि नशिबाचा इतका फाटका की तीनदा ओळीनं काळा चणा त्यालाच आला.

"काका, आयला, त्यापेक्षा मतदान घ्या की! निवडून द्या कुणाला तरी."

"निवडून आलेला माजतो," काका शांतपणे म्हणाले. "चण्यानं आलेला मुकाट्यानं काम करतो. त्यांनी विचार करून केलंय ते, समजलास?"

तक्रारींसाठी सिंकच्या वर लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, रिकामी बाटली उलटी टांगलेली होती. बुचाला खिळ्यानं बारीक भोक पाडलेलं. ज्याला तक्रार करायची त्यानं ती पाण्यानं भरायची आणि पाणी संपेपर्यंत बोलायचं. पाणी संपलं की खलास, वाक्य अर्धं असलं तरी. ग्रीकांच्या कोर्टात अशीच पाण्याची घड्याळं असत म्हणे. आमच्यातला ज्ञानोबा लातूरकडचा, शाळेची बस चालवायचा. त्याला मूळ मुद्द्यावर यायलाच एक बाटली लागे. शेवटी त्यानं काकांकडे अर्ज केला, "काका, मला दोन बाटल्या द्या. आमच्याकडं आधी खुशाली इचारत्यात, मंग भांडत्यात." काकांनी आठवडाभर विचार करून अर्ज फेटाळला. पण त्यानंतर ज्ञानोबा खरोखर मुद्द्याचं बोलायला लागला, हे मान्य करावं लागेल.

एवढं सगळं असूनही ते ग्रीकांचे भाट नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटे. एकदा मी सहज म्हणालो, "काय लोक असतील ना काका! चौकात बसायचं, वाद घालायचे, सगळ्यांनी मिळून राज्य करायचं."

"सगळ्यांनी?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "हे चौकात वाद घालत होते तेव्हा घरी दळत कोण होतं? गुलाम. बायकांना सभेत जागा नाही. आणि बाहेरगावाहून पोटापाण्यासाठी आलेले असत ना, कुंभार, लोहार, व्यापारी, त्यांनाही नाही. पिढ्यान् पिढ्या राहिले तरी घर घेता येत नसे. तिथे राहायचं तर एक अथेन्सवाला जामीन लागायचा."

"म्हणजे कफील?" ज्ञानोबानं डोळे मोठे केले.

"कफीलच म्हण."

आमच्या प्रत्येकाच्या व्हिसामागेही असा एक कतारी जामीनदार होता, त्यालाच इथे कफील म्हणत. ज्ञानोबा बराच वेळ हसत होता. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "मी आचाऱ्याला विचारलं होतं, मी तिथे असतो तर कोण असतो? तो म्हणाला, फिटर असतास. भांडी चांगली घडवली असतीस, पण सभेला तुला कुणी बोलावलं नसतं. म्हणून म्हटलं, मेल्या, आपली सभा आपण इथे भरवू."

आता खापरांची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलो आहे, आणि ती सांगताना मला माझा राग येतो.

गॅलरीत काकांनी एका मातीच्या माठात ऑलिव्हचं रोप लावलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात रोप गेलं आणि माठही फुटला. रोप त्यांनी टाकून दिलं, पण खापरं धुऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवली. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारत, गावाला जड झालेला कुणी आहे का? लोक हो म्हणाले, तर प्रत्येकजण फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एकाचं नाव कोरून टाकायचा. ज्याची खापरं जास्त, त्यानं दहा दिवसांत गाव सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. त्याचं घरदार कुणी घ्यायचं नाही, अब्रूला धक्का लावायचा नाही, मुदत संपली की तो पुन्हा पूर्वीसारखा. काकांना ही चाल फार आवडे. "बघ, मारायचं नाही, लुटायचं नाही. नुसतं लांब राहा म्हणायचं," असं ते सांगत. दरवर्षी ते तो प्रश्न आम्हाला विचारत. आम्ही 'नाही' म्हणायचो आणि डबा पुन्हा कपाटावर जायचा.

त्या वर्षी आम्ही 'हो' म्हणालो.

झालं असं की काकांचा पाहुण्यांचा रिवाज वाढतच गेला होता. बसस्टॉपवर, मशिदीच्या सावलीला, कुठेही कुणी अडलेला माणूस दिसला की काका त्याला घेऊन येत. एक जेवण, एक रात्र, इथपर्यंत ठीक होतं. पण त्या वेळी त्यांनी एका नेपाळी रंगाऱ्याला आणलं. त्याचा करार संपलेला, कॅम्प बंद झालेला, परतीचं तिकीट आज येतं उद्या येतं करत लांबलेलं. पाठ धरलेली, म्हणून त्याला बिचाऱ्याला हॉलमध्ये गादी टाकून दिली. तीन आठवडे झाले. इमारतीच्या मालकाचा माणूस येऊन गाद्या मोजून गेला आणि इंग्रजीत म्हणाला, कागदावर सहा आहेत, सातवा पुन्हा दिसला तर सगळ्यांनीच घर सोडायचं. आम्ही काकांना सांगून पाहिलं. सतीशनं पूर्ण बाटलीभर सांगितलं. काका म्हणाले, "तिकीट आलं की जाईल. दारी आलेल्याला मी 'जा' म्हणणार नाही."

शुक्रवारी काकांनी वार्षिक प्रश्न विचारला आणि पाच हात वर झाले. काकांनी ते मोजले. मग खुर्चीवर चढून त्यांनी स्वतःच डबा काढला. मोठ्या उत्साहानं कोरायला खिळे दिले, कोपरे नेमून दिले, एकमेकांचं बघायचं नाही म्हणून दटावलं.

मी माझ्या कोपऱ्यात खापर हातात धरून बसलो. मनात हिशेब साधा होता. बाकीचे सतीशचं नाव लिहिणार, कारण तो भांडी घासायचा नाही हे जगजाहीर होतं. आपण काकांचं लिहावं. एकच खापर निघेल. काका कुठे जाणार नाहीत, पण त्यांना कळेल की कुणाला तरी हे जड होतंय. नुसती टोचणी. मी खिळ्यानं 'अथेन्सकर' असं कोरलं.

काकांनी खापरं चादरीवर ओतली आणि एकेक उचलून वाचायला लागले.

"अथेन्सकर." ते हसले. "अथेन्सकर. अरे वा. अथेन्सकर..."

चौथ्याला आवाज जरा बसला. पाचवं त्यांनी वाचलं नाही, नुसतं आम्हाला दाखवलं. सहावं कोरं होतं. ते त्यांचं स्वतःचं.

मग काकांनीच टाळी वाजवली. "चाललं की रे! अडीच हजार वर्षांनी बिन महमूदमध्ये चाललं!" त्यांना खरोखरच आनंद झाला होता, असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं. पण टाळी वाजवून झाल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

ते आत गेल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मला वाटलं माझं एकट्याचंच असणार," सतीश म्हणाला. "म्हटलं, काकांना जरा कळू दे."

"म्या बी त्येच केलं की," ज्ञानोबा म्हणाला. "मला वाटलं तुमी समदे सतीशचं लिवणार."

उरलेल्या दोघांनीही हेच सांगितलं. पाच शहाणे, आणि पाचही जणांनी एकच शहाणपण केलेलं.

आम्ही आत जाऊन हातापाया पडलो. काकांनी ऐकलं नाही. अथेन्सची दहा वर्षं आपल्याला परवडणार नाहीत म्हणून दहा महिने, एवढीच सूट त्यांनी स्वतःला दिली. दहा दिवसांची मुदत मात्र पुरेपूर घेतली आणि त्या दहा दिवसांत प्रत्येकाला एकेक पदार्थ शिकवला. मला बांगड्याचं कालवण आलं. आणि कसं असतं बघा, सहाव्या दिवशी रंगाऱ्याचं तिकीट आलं. जाताना तो काकांच्या पाया पडला आणि हॉल रिकामा झाला.

मी म्हणालो, "काका, आता तर कारणच उरलं नाही. राहा ना."

"कायदा असा मागे घेतला तर पुढच्या वेळी कोण पाळेल?" बॅग भरत ते म्हणाले. "आणि यात अपमान नाही रे. हलक्या माणसाला कोण घालवतो?"

ते उम्म सलाल मोहम्मदला गेले. तिथल्या एका मळ्यावर पंप सांभाळायला माणूस हवा होता, राहायला खोली होती. बिन महमूदहून गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. ज्ञानोबा दोनदा जाऊन आला आणि सांगत आला की काका खजुरीच्या सावलीत बसून तेल खरवडतात. मी एकदाही गेलो नाही. ज्या माणसानं नाव न विचारता मला जेवू घातलं, त्याचं नाव मी खापरावर कोरलं होतं, तेही दुसऱ्या एका अडलेल्याला जेवू घातलं म्हणून. कुठल्या तोंडानं जायचं? सणावाराला 'नमस्कार काका' एवढा मेसेज टाकायचो. त्यांच्याकडून अंगठा यायचा.

त्यांची कॉट आम्ही दहा महिने रिकामी ठेवली. मालकाचा माणूस पुन्हा आला आणि म्हणाला, पाचच दिसताय, एकजण पाठवू का? सतीश त्याच्यावर असा काही खेकसला की तो पुन्हा फिरकला नाही. चणे आम्ही काढत होतो, डब्यात आता चार पांढरे आणि एक काळा. बाटलीही भरायचो, पण पाणी संपायच्या आत तक्रार संपायची. भांडायला मजा नव्हती.

दरम्यान माझी नोकरी बदलली, बायको आणि मुलगी आली आणि मी अल खोरला राहायला गेलो. मुदत संपण्याच्या शुक्रवारी मात्र सकाळीच बिन महमूदला आलो. फ्लॅटमध्ये लगीनघाई. कालवण मी केलं. काका येतील की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. मळ्यावर त्यांचं बरं चाललं होतं आणि आमच्यासारख्यांकडे त्यांनी का यावं, हे मला सांगता आलं नसतं.

दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. काका, हातात तीच बॅग, अंगानं जरा उतरलेले, रापलेले. ते काहीतरी बोलणार एवढ्यात ज्ञानोबानं मागून तळहात वर केला.

"काई सांगू नका. आधी आत या."

त्यानं बादलीभर पाणी त्यांच्या पायाशी ठेवलं. हे आमचं ठरलेलं नव्हतं. त्याचं त्याला सुचलं होतं. काकांनी मुकाट्यानं पाय धुतले. सतीशनं ताट वाढलं. ते जेवत होते आणि आम्ही भोवती बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कालवणात कोकम कमी आहे, एवढंच ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी हात धुतले. मग ज्ञानोबा त्यांच्या समोर मांडी ठोकून बसला.

"हां पाव्हणं. आता सांगा. नाव काय, गाव कंचं, आन् आलाव कसं?"

तो गमतीनं विचारत होता. पण विचारून झाल्यावर त्याच्याही लक्षात आलं की उत्तर आपल्याला माहीत नाही. आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. काकांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी पाठ सरळ केली आणि नाव सांगितलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, वाडी, गाव. शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून सांगतात तसं. आडनाव 'कर'नं संपत नव्हतं.

मग त्यांनी खिशात हात घालून एक खापर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ. दहा महिन्यांपूर्वी चादरीवरून उचलतानाच त्यांनी माझं अक्षर ओळखलं असणार.

"हे घे तुझं," ते म्हणाले. "नाव चुकलंय. अशा नावाचा माणूस इथे कुणी नाही. मत बाद."

खापर मुठीत धरून मी म्हणालो, "अहो, मग पाचही बाद होती! त्याच दिवशी का नाही सांगितलंत? गेलात कशाला?"

"सांगणार कसं?" काका म्हणाले. "नाव विचारलं कुठे होतं कुणी?"

आवाजात राग नव्हता. एवढं बोलून त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि थोडा भात वाढ म्हणाले.